पाच पायऱ्या

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात घरातील वडीलधाऱ्या पुरुषाइतका निरुपयोगी प्राणी दुसरा नसतो. स्वयंपाकघरात भाजणीचा खमंग वास कोंदलेला असतो, सून आकाशकंदिलाच्या वायरीचा गुंता सोडवीत असते, नातवंडे रांगोळीच्या रंगांवरून भांडत असतात, आणि आपण कोठेही बसलो तरी कोणाच्या ना कोणाच्या वाटेतच बसलेले असतो. म्हणून मी आपली खुर्ची उंबरठ्यापाशी नेऊन ठेवतो. तेथेही मी वाटेतच असतो म्हणा. पण निदान येणाऱ्याजाणाऱ्याचे स्वागत करण्याचे निमित्त तरी हाताशी असते.

आमच्याकडे उंबरठ्यापाशी लक्ष्मीची पावले काढण्याची रीत आहे. पावले नेहमी आत येणारी काढावयाची. चुकून बाहेर जाणारी निघाली तर आमची आजी रागावत असे. लहानपणापासून ही पावले मी पाहत आलो. परंतु घरात येणाऱ्याला चालता येते हे आपण त्या पावलांबरोबर गृहीतच धरून टाकतो, ही गोष्ट माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. ती अलीकडे आली, आणि ज्या प्रसंगाने आली तो मला मुळीच भूषणावह नाही. तरीही तो सांगतो. कारण त्यातून निघणारा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही असे मला वाटते.

आम्ही अंबरनाथचे जुने रहिवासी. अंबरनाथ म्हटले की लोकांना शिवालय आणि विम्कोची काडेपेटी या दोनच गोष्टी आठवत, त्या काळी वडील येथल्या एका कारखान्यात नोकरीला लागले. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पुढे हातभर अंगण आणि अंगणातून घरात यायला एकच पायरी, असे ते घर होते. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, याच घरातून सासरी बदलापूरला गेली. म्हणजे सासर-माहेरात अंतर एकाच स्टेशनाचे. आई-वडील गेल्यावर माझे घर हेच तिचे माहेर झाले.

आठ वर्षांपूर्वी आक्काचे मणक्याचे दुखणे बळावले आणि कमरेखालची शक्ती गेली. तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत आहे. ‘आहे’ म्हणजे बसून राहिलेली नाही, हे सांगितले पाहिजे. भाऊजींनी आणि भाच्याने तिचे तळमजल्यावरचे घर हळूहळू तिच्या मापाचे करून घेतले. न्हाणीघराचे दार रुंद केले, आतला उंबरा काढून टाकला, स्वयंपाकाचा ओटा वीतभर खाली आणला. ती बसल्या जागी पुरणपोळ्या लाटते, दाराबाहेरच्या तुळशीला पाणी घालते, संध्याकाळी शेजारच्या मुलांचा अभ्यास घेते आणि चुकलेल्या मुलाच्या मागे खुर्चीसकट धावते. दर दिवाळीला चार दिवस ती आमच्या जुन्या घरी राहायला येई. त्या एका पायरीवर दोन फळ्या टाकल्या की तिचे काम भागे.

मग जुनी इमारत पाडून तेथे चौदा मजल्यांची नवी इमारत उभी राहिली, जशा हल्ली अंबरनाथ-बदलापुरात गल्लोगल्ली उभ्या राहत आहेत. आम्हांला सातव्या मजल्यावर जागा मिळाली. वास्तुशांतीला आक्का आली. मोटार थेट इमारतीखालच्या पार्किंगपर्यंत आली, भाच्याने खुर्ची उघडली, आक्का खुर्चीत बसली आणि आम्ही सारे लिफ्टकडे वळलो. लिफ्ट दोन; त्यांतली एक तर चांगली ऐसपैस. पण पार्किंग आणि लिफ्ट यांच्या मध्ये पाच पायऱ्या! काळ्या ग्रॅनाइटच्या, लखलखीत, बाजूला पोलादी कठडा लावलेल्या.

त्या पायऱ्या मी शेकडो वेळा चढलो-उतरलो होतो. त्या दिवशी मी त्या पहिल्यांदा पाहिल्या.

शेवटी भाचा, वॉचमन आणि शेजारची दोन तरुण मुले यांनी खुर्चीचे चार कोपरे धरून ती उचलली. आक्का एका हाताने पदर सावरीत होती आणि दुसऱ्या हाताने खुर्ची घट्ट धरून होती. वर आल्यावर तिने देवघर पाहिले, गॅलरी पाहिली, साऱ्यांची चौकशी केली. मग थोड्या वेळाने सुनेला जवळ बोलावून तिने हळूच काही विचारले, आणि दोघी न्हाणीघराच्या दारापाशी गेल्या. दार सव्वादोन फुटांचे. त्यातून चौकट वजा जाता खुर्ची आत जाईना. आक्काने काही गवगवा केला नाही. पंक्तीत पानावर बसली, चवीपुरते खाल्ले, पाणी घेतलेच नाही, आणि तीनच्या सुमारास ‘दमले रे’ म्हणून परत निघाली. पुन्हा चार माणसे, पुन्हा तो पदर. निघताना म्हणाली, “घर छान आहे. उजेड खूप आहे.”

पुढच्या दिवाळीला मी फोन केला तेव्हा ती म्हणाली, “या वर्षी तूच ये भाऊबिजेला. मी आले की चार माणसांना काम लागतं.”

येथे वाचक कदाचित त्या इमारतीच्या बिल्डरला मनातल्या मनात दोष देऊ लागले असतील. मीही प्रथम तेच केले. त्यात मोठी सोय असते. परंतु खरी गोष्ट अशी की, इमारतीचे नकाशे रहिवाशांच्या ज्या समितीपुढे आले तिचा मी सभासद होतो. आठ महिने आम्ही त्या नकाशांवर चर्चा केली. देवघराचे तोंड कोणीकडे असावे, गाड्या किती मावतील, जिन्याखालची जागा कोणाची, फरश्या चकचकीत असाव्यात की खरखरीत, या एकेका प्रश्नावर आम्ही रात्रीचे अकरा वाजविले. लिफ्टपुढच्या त्या पाच आडव्या रेघाही त्या कागदावर होत्या. त्यांच्याखाली माझी सही आहे. सख्खी बहीण चाकाच्या खुर्चीत असून मला त्या रेघा दिसल्या नाहीत, आणि त्या का दिसल्या नाहीत, हाच माझ्या मते विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

आपल्या भाषेत ‘पायरी’ हा शब्द नुसता दगडाचा नाही. आपण ‘पायरी ओळखून वागावे’ असे म्हणतो. एखादा उद्धटपणे बोलला तर ‘त्याने पायरी सोडली’ असे म्हणतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असा सल्लाही देतो. कोण कोठवर येऊ शकतो आणि कोणी कोठे थांबावयाचे, हे सांगण्याचे काम पायरी आपल्याकडे पूर्वापार करीत आली आहे. पंढरपूरला विठ्ठलाच्या महाद्वारी नामदेवांची पायरी आहे आणि तिच्या समोरच, देवळाबाहेर, चोखोबांची समाधी आहे. एकाने संतांची पायधूळ लागावी म्हणून पायरीशी जागा मागितली असे परंपरा सांगते. दुसऱ्याला पायरीच्या आत कोणी येऊच दिले नाही. ती मनाई उठावी म्हणून सानेगुरुजींना १९४७ सालच्या मे महिन्यात उपोषणाला बसावे लागले, तेव्हा कोठे विठ्ठलाचे दार सर्वांना उघडले.

या दोन गोष्टी सारख्या आहेत असे मी म्हणत नाही. एकीच्या मागे शतकांचा तिरस्कार होता. दुसरीच्या मागे नुसता विसर आहे. पण ज्याला बाहेर थांबावे लागते त्याच्या बाजूने पाहिले तर या विसरात एक विचित्र कठीणपणा आहे. जेथे कोणी मनाई करतो तेथे त्याच्याशी भांडता येते, त्याला लाजविता येते, त्याच्या दारात उपोषण करता येते. पाच पायऱ्यांपाशी मनाई करणारा कोणीच नसतो. उलट सारे ‘या, या’ म्हणत असतात. कोणाच्याही मनात वाईट नसते, आणि तरी माणूस बाहेर राहतो. दगडाला लाज कोण वाटावयास लावणार? अशा ठिकाणी दोष कोणाचाच नाही असे वाटते. वास्तविक तो वाटला गेलेला असतो, इतका की प्रत्येकाच्या वाट्याला आलेला तुकडा डोळ्यांना दिसत नाही.

त्यातून आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आपण सहज म्हणून जातो की अमका माणूस अपंग आहे. जणू अपंगत्व हे त्याच्या शरीरात ठेवलेले एखादे गाठोडे आहे आणि तो जाईल तेथे ते बरोबर नेतो. आक्काचा अनुभव निराळा आहे. बदलापुरात स्वतःच्या ओट्यापाशी ती अपंग नव्हती. पाय चालत नव्हते एवढेच. अंबरनाथला आमच्या पार्किंगमध्ये आल्यावर ती अपंग झाली. तिच्या शरीरात त्या अर्ध्या तासाच्या प्रवासात काहीच बदलले नव्हते. बदलली होती ती जमीन.

अंबरनाथचे शिवालय वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. वालधुनीच्या काठचे हे देऊळ शिलाहार राजांच्या काळात १०६० साली पुरे झाले. त्याचे एक वैशिष्ट्य असे की, गाभारा सभामंडपाच्या पातळीवर नाही. देवाचे दर्शन घ्यावयाचे तर सुमारे वीस पायऱ्या खाली उतरावे लागते. लहानपणी आक्का माझे बोट धरून त्या पायऱ्या मोजत मला खाली नेई. आता महाशिवरात्रीला ती बाहेरूनच हात जोडते. त्याबद्दल तिची तक्रार नाही, आणि माझीही नाही. साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराला आपण काय विचारणार? त्याने आपल्या काळाच्या समजुतीप्रमाणे देवाचे घर बांधले, आणि ते आता आहे तसे जपणे हेच आपले कर्तव्य आहे. जुन्या वाड्यांचे उंच उंबरठेही असेच सकारण होते. पावसाचे पाणी, साप-विंचू, अंगणातली धूळ यांना ते बाहेर ठेवीत. परंतु परवा-परवा बांधलेल्या घराला ही सबब सांगता येत नाही. जे आपल्याला वारशाने मिळाले त्याची जबाबदारी थोडी. जे आपण आज कोऱ्या कागदावर आखतो त्याची सगळी. जुने मोडून सुधारणे महाग असते, हे खरेच आहे. आमच्या त्या पाच आडव्या रेघांच्या ठिकाणी मात्र, नकाशा कागदावर होता तोवर, एक तिरपी रेघ ओढली असती तरी काम झाले असते.

आणि हे ज्ञान काही काल-परवाचे नाही. पुण्याजवळ खडकीला मज्जारज्जूला इजा झालेल्या जवानांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरझुक यांना ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर खुर्चीचा आश्रय घ्यावा लागला. त्यांनी १९८४ साली आपल्यासारख्यांसाठी संस्था उभी केली. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. माझ्याही कपाटात ते आहे. मी ते वाचले होते, हळहळलो होतो, चार जणांना वाचावयास दिले होते. आणि तरी नकाशावर सही केली होती. पुस्तक वाचून पाझरलेले मन आणि नकाशा वाचणारे डोळे यांची गाठ पडलीच नाही. सहानुभूती ही वस्तू अशी निरुपद्रवीपणे कपाटात राहू शकते.

अमेरिकेत अटलांटा शहरी एलिनॉर स्मिथ नावाच्या बाईंनी १९८७ साली एक चळवळ सुरू केली. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्या स्वतः चाकाच्या खुर्चीत असत. त्यांचे मागणे मोठे मार्मिक होते. अपंगांसाठी वेगळी घरे बांधा, असे त्या म्हणाल्या नाहीत. प्रत्येक नव्या घरात तीनच गोष्टी असाव्यात, असे त्या म्हणाल्या : एक तरी प्रवेश बिनपायरीचा, दारे खुर्ची जाण्याइतकी रुंद, आणि प्रवेशाच्या मजल्यावर वापरता येईल असे एक न्हाणीघर. कारण खुर्चीतल्या माणसाला केवळ राहावयाला घर हवे असते असे नाही. त्याला दुसऱ्याच्या घरी जावयाचेही असते. मैत्रिणीकडे, भावाकडे, लग्नाला, बारशाला. त्या शहराने १९९२ साली काही प्रकारच्या नव्या घरांसाठी तसा नियम केला. इंग्लंडमध्येही १९९९ पासून नव्या घरांच्या बाबतीत असे नियम आले.

मला ही कल्पना वाचताना राहून राहून वाटले, की ही तर आपली कल्पना! अतिथीला देव मानणारे आपण. घर हे केवळ त्यात झोपणाऱ्यांचे नसते, येणाऱ्यांचेही असते, हे आपल्याला कोणी परदेशातून येऊन सांगावयास नको होते. पण अतिथीला देव मानताना आपण त्याला देवासारखेच निरवयव मानले असावे. त्याला गुडघे असतात, पाठ असते, त्याला न्हाणीघराचे दार लागते, हे आपण विसरलो.

आपल्या देशात कायदे झालेले नाहीत असे नाही. पहिला कायदा १९९५ चा. त्याची जागा २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने घेतली आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले, की या बाबतींतली किमान मानके केवळ शिफारशींच्या रूपात ठेवून चालणार नाही. ती बंधनकारक असली पाहिजेत. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु कायद्याचा मुख्य रोख सार्वजनिक इमारतींवर असतो, म्हणजे कचेऱ्या, शाळा, स्टेशने, दवाखाने यांच्यावर. माणसाच्या न्हाणीघराचे दार किती रुंद आहे हे तो सहसा विचारीत नाही. घराच्या दाराशी कायदा बराचसा थबकतो आणि पुढचे काम आपल्या सदसद्विवेकावर सोपवितो. म्हणूनच हा प्रश्न मी कायद्याचा न म्हणता नीतीचा म्हणतो.

या विषयावर बोलू लागले की काही आक्षेप ठराविक क्रमाने येतात. ते टाकाऊ नाहीत. त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा, की अशी माणसे असतात किती? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांपैकी चलनवलनाची अडचण असलेल्या ५४ लाखांवर. महाराष्ट्रात सर्व प्रकारच्या मिळून २९ लाखांवर. हे आकडे थोडे वाटोत की फार. आपल्या गल्लीत ती माणसे दिसत नाहीत याचे कारण ती नाहीत हे नसून पायऱ्या आहेत हे आहे. दिसत नाहीत म्हणून पायऱ्या, आणि पायऱ्या म्हणून दिसत नाहीत, असे हे चक्र आहे.

दुसरा आक्षेप आमच्या भागापुरता फार खरा आहे. २६ जुलै २००५ चा पाऊस येथे कोणी विसरलेले नाही. २०१९ च्या जुलैत तर उल्हास नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकून पडली होती. मग जोते उंच घ्यावयाचे नाही तर काय? जरूर घ्यावे. पण उंची गाठण्याला पायरी हा एकच मार्ग नाही. बारा इंच लांबीला एक इंच चढ, हा उताराचा सर्वमान्य हिशेब आहे. आमच्या पाच पायऱ्यांची उंची अडीच फूट. म्हणजे तीस फूट उतार. मध्ये वळण घेऊन तो दुमडला तर एका मोटारीच्या जागेपेक्षा थोडी अधिक जागा लागते. चाळीस मोटारींसाठी जागा काढणाऱ्या इमारतीला एकेचाळीसावी जागा काढता येत नाही असे नाही. ती कोणासाठी काढावयाची, हे तेवढे ठरवावे लागते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो, कारण तो प्रेमातून येतो. ‘आम्ही आहोत ना! उचलून नेऊ.’ यात लबाडी नाही. आमच्या शेजारची ती दोन मुले खरोखर भली आहेत. कोणी न सांगता धावून आली. पण उचलले जाणे म्हणजे काय, हे उचलणाऱ्याला कळत नाही. ज्याला घरी येण्यासाठी आधी चार माणसे गोळा करावी लागतात, तो हळूहळू आपले येणे तोलू लागतो. एवढ्याशा कामासाठी कशाला जा? आता पाऊस आहे, पोरे कामावर असतील, पुढच्या वेळी पाहू. प्रत्येक वेळी कोणाचे तरी आभार मानीत आत शिरावे लागले तर ते माहेर राहत नाही. भलेपणा मागावा लागू नये अशी व्यवस्था करून ठेवणे, हाही भलेपणाचाच प्रकार आहे. किंबहुना तोच अधिक सभ्य प्रकार आहे.

यावर पुष्कळजण एक युक्तिवाद सुचवितात : ‘अहो, उद्या आपणही म्हातारे होणार आहोत, आपल्याच सोयीसाठी करा.’ हे खरे आहे आणि व्यवहारात ते पटतेही. गरोदर सुनेला, गुडघे धरलेल्या आजोबांना, खांद्यावर सिलिंडर आणणाऱ्या माणसाला, बाबागाडीतल्या नातवाला, सर्वांनाच उतार बरा. पण मला हा युक्तिवाद पुरेसा वाटत नाही. माणसाला स्वतःच्या म्हातारपणावर विश्वास नसतो. ‘तेव्हाचे तेव्हा पाहू’ म्हणून तो मोकळा होतो. आणि समजा, कोणी कधीच म्हातारा होणार नसेल, तर आक्काचे येणे रद्द समजावे काय? दयेवरही मला ही इमारत उभी करावीशी वाटत नाही. दयेचा उंबरठा नेहमी उंच असतो. मला वाटते, प्रश्न साध्या न्यायाचा आहे. घर बांधताना आपण भिंती बांधतो तेव्हाच, नकळत, पाहुण्यांची एक यादीही लिहीत असतो. कोण येऊ शकेल आणि कोण येऊ शकणार नाही, हे त्या दिवशी ठरते. ज्याने काही अपराध केला नाही त्याचे नाव त्या यादीतून गाळण्याचा अधिकार आपल्याला नाही, चुकूनही नाही.

आता आमच्या इमारतीचे काय झाले ते सांगून हा लेख संपवितो. गेल्या उन्हाळ्यात सर्वसाधारण सभेत मी उताराचा ठराव मांडला. खर्चाचा प्रश्न निघाला, शोभेचा निघाला. एका गृहस्थांनी विचारले, “काका, वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुणीसाठी?” मला उत्तर सुचेना. तेवढ्यात नवव्या मजल्यावरच्या एक आजी, ज्यांचा आवाज सभेत कोणी कधी ऐकला नव्हता, त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, “मी चार महिने खाली उतरले नाही. लिफ्टनं येते, पायऱ्यांपर्यंत येते, नि परत वर जाते.” त्या दिवशीही दोघांनी हात धरून त्यांना खाली आणले होते. सभेत कोणी काही बोलले नाही. ती इमारत दोन वर्षे त्यांच्यासह आम्ही वापरीत होतो आणि आम्हांला हे ठाऊक नव्हते.

ठराव मंजूर झाला. जागा मात्र माझ्या वाट्याच्या पार्किंगची गेली, आणि तेच योग्य झाले. सही माझी होती. मुलगा प्रथम थोडा नाराज होता. आता त्याची मोटार रस्त्यावर उभी राहते आणि रविवारी नवव्या मजल्यावरच्या आजी एकट्या खाली येऊन बाकावर बसतात.

न्हाणीघराचे दार मात्र तसेच राहिले आहे. आमच्या इमारतीच्या भिंती विटांच्या नाहीत, साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या आहेत. साऱ्या इमारतीचा भार त्यांच्यावर आहे आणि त्या फोडता येत नाहीत. साचा लावण्यापूर्वी तेथे नऊ इंच जास्त सोडावयाचे होते, एवढेच. त्यामुळे या भाऊबिजेला आक्का येईल ती स्वतःची चाके स्वतः फिरवीत येईल. ओवाळील, फराळ करील, भाच्यांची थट्टा करील, आणि तीन-चार तासांनी परत जाईल. पूर्वीसारखी चार दिवस राहणार नाही. माझ्या एका सहीने तिचे माहेर चार दिवसांवरून चार तासांवर आले. पाच पायऱ्यांचे परिमार्जन झाले, नऊ इंचांचे होणार नाही.

पाडव्याच्या मुहूर्तावर पुष्कळ कुटुंबे नवे घर पाहावयास निघतात. नमुन्याचा फ्लॅट सजविलेला असतो, मुले गॅलरीत धावतात, बायका ओट्यावरून हात फिरवून पाहतात. आपणही जाणार असाल तर खिशात मोजपट्टी असू द्या. न्हाणीघराचे दार मोजा, रस्त्यापासून लिफ्टपर्यंतच्या पायऱ्या मोजा. आणि घर दाखविणाऱ्याने खोल्या किती, गाड्या किती, पाणी किती वेळ, हे सारे सांगून झाले की त्याला एवढे विचारा : या घरी कोणाला येता येणार नाही?